चंद्रतालला स्वतःच्या तंबूत दोन रात्री: आराखडा तपासून द्या

सह्यवारा

मंडळी, पुण्याहून आम्ही सहा जण हिमाचलातल्या लाहौल-स्पितीमधल्या चंद्रताल तळ्याला निघतोय. चार जण सह्याद्रीत नियमित फिरणारे, एक ६२ वर्षांचे काका (रक्तदाबाची गोळी चालू) आणि एक नऊ वर्षांची मुलगी. १५ ऑगस्टच्या सुट्टीला जोडून चंदीगड ते चंदीगड आठ दिवस आहेत. ठरवलंय ते असं: पहिला मुक्काम मनाली, दुसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून ग्रांफू, छतरू, बातल करत थेट चंद्रताल. तिथे तळ्याकाठी स्वतःचे दोन तंबू लावून दोन रात्री, मग कुंझुम खिंड ओलांडून काझा (स्पितीतलं मुख्य गाव) आणि परत. स्वयंपाक स्टोव्हवर. भाड्याची इनोव्हा चालकासह घेणार. कुठे चुकतंय ते सांगा. तंबू कुठला, गॅस किती, हेही हवंय.

कुंझुमवाला

तीन ठिकाणी चुकतंय. तंबूचं शेवटी बघू, आधी दिवसांचा क्रम बघा.

मनाली साधारण २०५० मीटरवर, चंद्रताल ४२५० च्या आसपास. म्हणजे एका दिवसात झोपायची उंची २२०० मीटरनी वाढली. ३००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधा नियम आहे. गाडीने गेल्यावर दमछाक होत नाही, म्हणून लोकांना वाटतं की शरीर सरावलं. पण त्रास बहुधा पोचल्यावर सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमका रात्री तंबूत सुरू होतो. राजगड-तोरणा एका दमात करणारी माणसंसुद्धा यातून सुटत नाहीत. तंदुरुस्तीचा आणि उंची सोसण्याचा फारसा संबंध नाही.

म्हणून फेरी उलटी करा:

दिवस १ नारकंडा (२७००)
दिवस २ कल्पा (२९६०)
दिवस ३ ताबो (३२८०)
दिवस ४ आणि ५ काझा (३६५०)
दिवस ६ चंद्रताल
दिवस ७ राखीव
दिवस ८ मनालीमार्गे परत

काझाच्या दुसऱ्या दिवशी लांगझाला (४४००) जा, दोन तास हिंडा आणि झोपायला खाली या. दिवसा वर, रात्री खाली, याचा फायदा पुढच्या रात्री दिसतो. दिवस ७ ला सगळे ठणठणीत असतील आणि आभाळ स्वच्छ असेल तर तळ्यापाशी दुसरी रात्र काढा. मग आठव्या दिवशी मनालीपर्यंतच मजल होईल, चंदीगडची परतीची तिकिटं त्या हिशेबाने नवव्या दिवसाची काढा. आभाळ भरून आलं तर सातव्यालाच उतरा. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून अडीचशेहून जास्त पर्यटक तिथे अडकले होते, तेव्हा राखीव दिवस ही चैन नाही.

दुसरं म्हणजे महिना. ऑगस्टच्या मध्याला स्पितीत पाऊस कमी असला तरी तिथे पोचायचे दोन्ही रस्ते पावसाच्या प्रदेशातून जातात. किन्नौरमध्ये दरडी, छतरू-बातलच्या बाजूला फुगलेले नाले. जमत असेल तर गणपती उरकून सप्टेंबरात जा. पाणी उतरलेलं असतं, आभाळ निवळतं. फक्त रात्री पारा शून्याखाली जातो आणि महिनाअखेरीस तंबूछावण्या आवरायला लागतात.

तिसरं, तळ्याकाठी तंबू लावता येत नाही. हे अभयारण्य आहे, तळं २००५ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आहे आणि काठावर मुक्कामाला बंदी आहे. छावण्यांची जागा साधारण तीन किलोमीटर अलीकडे आहे. गाडी तळ्याच्या अलीकडच्या वाहनतळापर्यंत जाते, पुढे पायी.

रबरी_बूट

काझाहून उलटं आलात तर गाडीबद्दल दोन गोष्टी.

काझाला टाकी काठोकाठ भरा. पुढचा पंप थेट मनालीच्या बाजूला, आणि पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये तासन्‌तास चालल्यावर मायलेज चांगलंच पडतं. लोसरच्या पोलीस चौकीवर नोंद होते, सगळ्यांची ओळखपत्रं वरच्या कप्प्यात ठेवा. लोसरनंतर मोबाइल विसरा. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही.

परतताना खरी परीक्षा बातल ते छतरू. रस्ता म्हणजे दगडगोट्यांचं पात्र. वरच्या हिमनद्या उन्हाने वितळतात आणि ते पाणी दुपारनंतर नाल्यांत पोचतं. सकाळी सातला घोट्याएवढं असलेलं पाणी तीन-चार वाजता चाकाच्या वर जातं, आणि गढूळ असल्यामुळे खालचा धोंडा दिसत नाही. छावणीवरून पहाटे साडेपाचला निघा, छतरू दहा-अकराच्या आत गाठा. नाल्यात शिरण्याआधी एकाने उतरून समोरची गाडी कुठून जाते ते बघावं. पहिला गियर, एकसारखा वेग, मध्ये क्लच दाबायचा नाही. गाडी पाण्यातच बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं.

इनोव्हाची जमिनीपासूनची उंची चालते, पण सहा माणसं आणि तंबूसामान घेऊन मागची बाजू बसते. जड सामान टपावर न टाकता मधल्या रांगेपाशी ठेवा, दोन खड्डे तरी वाचतील. आणि चालक त्या रस्त्याचा माहीतगार हवा. चंदीगडचा नवखा चालक नको.

सह्यवारा

उलटी फेरी पटली, सप्टेंबरही जमवतो. पण मग मनाली शेवटी येते. गॅसचे डबे तिथून घ्यायचा विचार होता. आणि स्वतःचा तंबू नेण्यात अर्थ आहे का?

पत्र्याचा_पेला

गॅस विमानात नेता येत नाही, रेल्वेतही बंदी. काझात ट्रेक नेणाऱ्यांकडे डबे मिळाले तर घ्या, पण त्यावर जेवण अवलंबून ठेवू नका. रात्रीचं जेवण आणि नाश्ता छावणीच्या भोजनतंबूत सांगून टाका. तुमचा स्टोव्ह फक्त चहा आणि गरम पाण्यापुरता. सहा जणांना दिवसाला आठ-दहा लिटर पाणी तापवायचं म्हटलं तर वारा अडवूनही दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस जातो, म्हणजे २३० ग्रॅमचा एक डबा रोज. डबा निवडताना नुसतं ब्युटेन असलेला नको. थंडीत ब्युटेनचा वायू नीट होत नाही आणि पहाटे ज्योत मिणमिणते. प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण हवं. डबा रात्री झोपायच्या पिशवीत पायाशी ठेवायचा. आणि कितीही गारठा असला तरी तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्वयंपाकाची हौस असेलच तर लक्षात ठेवा, तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजतच नाही, भात मधे कच्चा राहतो. कुकर नाहीतर भाजलेल्या रव्याचा उपमा, दडपे पोहे, शेंगदाण्याचे लाडू. उंचीवर भूक मरते, त्यामुळे मुलीला आवडतं तेच न्या.

तंबूचं म्हणाल तर छावणीवाल्यांना विचारून, थोडं भाडं देऊन त्यांच्या हद्दीत लावा. त्यांचं शौचालय वापरता येतं, हा मोठा फायदा. पण सह्याद्रीतला पावसाळी तंबू तिथे वेगळ्या कारणाने फसतो. तिथे दुपारनंतरचा वारा मोठा शत्रू आहे. बुटका घुमटाकार तंबू, बाहेरचं आवरण जमिनीपर्यंत येणारं, दोऱ्या सगळ्या ताणलेल्या, दार वाऱ्याच्या पाठीकडे. जमीन खडीची, अ‍ॅल्युमिनियमच्या काडीसारख्या खुंट्या वाकतात. पोलादी घ्या, वर दगड ठेवा. वरची खिडकी बोटभर उघडीच ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून गोठते आणि सकाळी अंगावर पडते.

झोपायची पिशवी उणे पाच अंशांच्या 'कम्फर्ट' आकड्याची (ज्या तापमानाला निवांत झोप लागते तो) बघा. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापतात तो 'एक्स्ट्रीम' आकडा (जेमतेम जीव वाचण्याचा), तो बघून घेतलीत तर रात्र जागून काढाल. त्याहून महत्त्वाची खालची चटई. फोमची एक आणि हवेची एक, दोन्ही एकावर एक. निम्मी थंडी जमिनीतून येते. काका आणि मुलगी यांच्यासाठी मात्र छावणीचाच तंबू घ्या, पलंग आणि रजया असतात.

गोळीचा_डबा

काकांनी निघण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांना पूर्ण मार्ग उंचीसकट दाखवावा. उंची सरावाला साधारणपणे अ‍ॅसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी आणि चालू असलेल्या गोळ्या बघूनच. रक्तदाबाच्या गोळीत मूत्रल (लघवी वाढवणारं औषध) असेल तर जास्तच विचारून. मुलीसाठी मात्रा बालरोगतज्ज्ञच ठरवतील. लहान मूल 'डोकं दुखतंय' म्हणत नाही. चिडचिड, जेवण नको, खेळ नको, यावर लक्ष ठेवा.

बाजारात मिळणाऱ्या फवाऱ्यासारख्या ऑक्सिजनच्या डब्यांवर पैसे घालवू नका. काही मिनिटांत संपतात.

आता भूगोल नीट पाठ करा. बसल्या जागी धाप लागणं, फेसाळ खोकला, सरळ रेषेत पाऊल न पडणं, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर लगेच उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. पण काझाकडे निघालात तर आधी कुंझुम, म्हणजे ४५५० मीटर चढावं लागतं. आजारी माणसाला तिकडे नेऊ नका. बातलवरून छतरूकडे उतरा, छतरू ३३०० च्या आसपास आहे. पुढे कोकसरवरून केलाँगचं जिल्हा रुग्णालय. रात्री नाल्यांना पाणीही कमी असतं. म्हणून चालकाला आधीच सांगून ठेवा: छावणीत गाडी बाहेर तोंड करून उभी, टाकीत अर्ध्याहून जास्त तेल, आणि त्या रात्री त्याने दारू घ्यायची नाही.

सह्यवारा

चालकाचं लिहून घेतलं. शेवटचं एक: तळ्याला फेरी मारायला किती वेळ लागेल? काकांना जमेल?

कुंझुमवाला

घेर अडीच किलोमीटरच्या आसपास, वाट बहुतेक सपाट. रमतगमत दीड तास. सकाळी सात ते नऊ जा, पाणी आरशासारखं असतं आणि चक्रवाकांच्या जोड्या काठाला दिसतात. दुपारी नुसत्या लाटा. काकांना दम लागला तर जिथे असतील तिथून मागे फिरा. फेरी पूर्ण करण्याचा हट्ट नको. पाण्यात उतरू नका, तिथले लोक तळं पवित्र मानतात. साबण आणि ओले टिश्यू काठावर काढूच नका, कचऱ्याची पिशवी मनालीपर्यंत गाडीत.