मदत हवी आहे: बॅटरी डिकीत नेताना मेन स्विच आणि अल्टरनेटरची जोडणी

ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानात आखलेल्या मार्गावरची वेळेची स्पर्धा) तयार होत असलेल्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकची बॅटरी मला बॉनेटखालून डिकीत हलवायची आहे. पुढचे वजन थोडे मागे जावे आणि हवेच्या मोठ्या फिल्टरला जागा मिळावी, एवढाच हेतू आहे. एसी काढलेला असून गाडी रोजच्या वापरात नाही.

आतापर्यंत सीलबंद एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले असते ती) घेतली आहे आणि तिच्यासाठी डिकीच्या पत्र्याला आरपार बोल्ट व खालून जाड वॉशर लावून स्टँड पक्का केला आहे. ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट लावून, एक्झॉस्टपासून दूर, आतल्या बाजूने पुढे आणली आहे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच बसवणार आहे, कारण त्याच्या पुढची केबल कुठे घासून पत्र्याला टेकली तर तोच एक आधार. निगेटिव्हसाठी डिकीत रंग खरवडून अर्थिंग दिले आहे. इंजिन ते बॉडी ही पट्टीही नवीन, जाड घातली आहे.

अडचण मेन स्विचची, म्हणजे गाडीची सगळी वीज एकदम तोडणाऱ्या स्विचची आहे. अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची) वायर सध्या स्टार्टरच्या टर्मिनलवर येते. त्यामुळे नुसती बॅटरी तोडली तरी चालू इंजिन अल्टरनेटरवर सुरूच राहू शकते, आणि स्विचने इंजिनही बंद पडणे स्पर्धेत आवश्यक असते. तपासणीच्या वेळी हे नेमके पाहिले जाते.

तेव्हा अल्टरनेटरची वायर स्वतंत्र फ्यूजसह मागे बॅटरीच्या बाजूला न्यावी, की ती आहे तिथेच ठेवून इग्निशन तोडणारा, अल्टरनेटरची उरलेली वीज जिरवणाऱ्या रेझिस्टरसह येणारा सहा टर्मिनलचा स्विच वापरावा? आणि स्टार्टरचा भार सोसेल असा मुख्य फ्यूज किती अँपिअरचा घ्यावा?