हात आखडता असताना घरचा नाताळ कसा साजरा करावा?

प्रश्न : गृहिणी, परभणी जिल्हा

सर्वांना सलाम. यंदा नाताळाला आमच्या घरी दीर-जावा, दोन नणंदा आणि त्यांची मुले मिळून सोळा माणसे येणार आहेत. सासूबाईंना आता प्रवास झेपत नाही आणि सगळी लेकरे एकदा एका पंगतीत पाहावीत अशी त्यांची इच्छा आहे, त्यामुळे कार्यक्रम पुढे ढकलण्याचा प्रश्न नाही. अडचण पैशाची आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमचे सोयाबीन कितीतरी दिवस पाण्यात उभे राहिले, हाती आले ते डागी निघाले, आणि क्विंटलला ५,३२८ रुपयांचा हमीभाव आमच्यासाठी केवळ ऐकण्यापुरता राहिला. कपाशीच्या पहिल्या वेचणीचे पैसे खताच्या उधारीत गेले. सणासाठी आठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. त्यात फराळ, पंचवीस तारखेचे जेवण, मुलांचे कपडे, भेटवस्तू, केक आणि सजावट बसवायची आहे. चर्चच्या मंडळीतील दान वेगळे ठेवले असून त्याला हात लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट आहे. दिवाळीत आणि ईदला शेजारच्या घरांतून आमच्याकडे ताटे आली, आणि नाताळात आमची ताटे त्यांच्याकडे जातात. आलेले ताट रिकामे परत करण्याची आमच्याकडे रीत नाही. तेव्हा फराळ कमी करता येईल असे वाटत नाही. मग कात्री नेमकी कशाला लावावी? हप्त्याने कपडे घ्यावेत असे माझे यजमान म्हणतात, परंतु माझे मन घेत नाही.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, जालना

आपले मन घेत नाही ते योग्यच आहे. जून महिन्यात बी-बियाण्याला पैसा लागतो तेव्हा डिसेंबरातल्या शर्टाचा हप्ता चालू असावा, हे मला पटत नाही. माझ्या मते कात्री लावायची ती कपड्यांना आणि मोठ्यांच्या आहेराला. पाहुण्यांच्या प्रत्येक घराला साडी-चोळी, टॉवेल-टोपी द्यायची आणि त्यांच्याकडून तसेच परत घ्यायचे, यात कोणाच्याच घरात काही वाढत नाही. मात्र हे मनात ठेवून चालणार नाही. थोरल्या जाऊबाईंना आजच फोन करून स्पष्ट सांगावे की यंदा मोठ्यांनी मोठ्यांना काही द्यायचे नाही. आपण न सांगता आहेर टाळला तर रुसवे होतील. आधी सांगितले तर निम्म्या घरांना मनातून सुटल्यासारखे वाटेल, कारण पाऊस काही फक्त आपल्याच शेतात पडला नाही.

लहान मुलांचे कपडे मात्र बंद करू नयेत. दिवाळीनंतर तालुक्याच्या दुकानांत उरलेल्या मालाचे भाव पुष्कळ उतरतात, तेव्हा ते काम लगेच उरकावे.

येणाऱ्यांचा प्रवासखर्चही विचारात घ्यावा, कारण तो त्यांच्या खिशातून जातो आणि मग ते हात हलवत येतात. एस. टी. मध्ये १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे आहे आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवावा. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. त्यामुळे स्त्रिया, वृद्ध आणि मुले एस. टी. ने आली तर जे वाचेल त्यात प्रत्येक घराला एकेक पदार्थ करून आणणे जमते. एका घराने चिवडा, एकाने शंकरपाळे, एकाने करंज्या आणाव्यात, आणि आपण फक्त लाडू करावेत. चर्चमध्ये प्रीतिभोजनाला आपण हेच करतो. घरी करताना उगाच संकोच वाटतो.

उत्तर : बेकरीचालक, उदगीर

ताईंचे म्हणणे खरे आहे, परंतु केकबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो. माझा धंदा केक विकण्याचा असूनही सांगतो की सोळा माणसांसाठी आयसिंगचा केक विकत घेऊ नये. त्यात किमतीचा मोठा भाग क्रीमचा आणि खोक्याचा असतो. घरचे सामान घेऊन जवळच्या भट्टीवर नानकटाई भाजून घ्यावी. मैदा आणि पिठीसाखर समप्रमाणात, वनस्पती तूप त्याहून थोडे कमी, मूठभर रवा आणि वेलदोडा एवढ्यावर ती उत्तम होते, आणि भट्टीवाला केवळ भाजणावळ घेतो. शेजारच्या ताटांतही ती शोभते. फक्त वीस डिसेंबरच्या आत जावे, कारण त्यानंतर आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो आणि घरच्या सामानाचे ट्रे मागे पडतात.

केक घरीच करावा. नांदेडकडची, विशेषतः अर्धापूर भागातली केळी आपल्या बाजारात येतात; साल काळी पडलेली केळी फळवाले स्वस्तात देतात आणि केकला तीच चांगली. तीन केळी कुस्करून त्यात एक वाटी चिरलेला गूळ विरघळवावा, अर्धी वाटी तेल आणि अर्धी वाटी दही घालून फेटावे, मग दोन वाट्या कणीक, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि किसलेले जायफळ चाळून मिसळावे. कणीक घातल्यावर फार घोटू नये, नाहीतर केक चिवट होतो. जुन्या, जाड बुडाच्या कुकरमध्ये दोन बोटे मीठ पसरून वर जाळी ठेवावी, झाकणाची रबरी रिंग आणि शिटी काढून ठेवावी, दहा मिनिटे कुकर तापवावा आणि मग तेल लावलेला डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास भाजावे. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले. संत्र्याच्या साली फेकू नयेत. दोनदा पाणी बदलून उकळल्या की कडवटपणा जातो, मग बारीक चिरून साखरेच्या पाकात शिजवल्या की त्या सुक्यामेव्याच्या जागी चालतात. असे दोन केक सोळा माणसांना पुरतात.

उत्तर : एक पालक, अंबाजोगाई

जेवणाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. अशा चर्चांत लगेच कोणीतरी म्हणते की प्रभू गव्हाणीत जन्मला, तेव्हा आपणही वरण-भातावर सण करावा. वर्षभर ओढाताण करणाऱ्या घराने एक दिवस पोटभर मटण खाल्ले तर त्यात काही गैर नाही. उपाय एवढाच की दुकानातून किलोने घेण्यापेक्षा मंडळीतील चार-पाच घरांनी मिळून बोकड घ्यावा आणि वाटे घालावेत. आमच्या गल्लीत हेच चालते. वाटा स्वस्त पडतो आणि मुंडी-पायांचा रस्सा संध्याकाळी पुन्हा होतो. बिर्याणीऐवजी रस्सा आणि ज्वारीची भाकरी ठेवावी, कारण बिर्याणीला तूप, तांदूळ आणि मटण तिन्ही जास्त लागते.

भेटवस्तूंसाठी मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. प्रत्येक मूल एकाच मुलासाठी भेट आणील आणि किमतीची मर्यादा शंभर रुपये असेल.

सजावटीवर पैसा घालवू नये. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या बांबूच्या काड्या जपून ठेवल्या असतील तर त्यांचाच पाचकोनी तारा बांधून वर पतंगाचा कागद चिकटवावा. गव्हाणीसाठी पोळ्याला आणलेले मातीचे बैल फळीवर असतीलच. कडब्याच्या पेंढीतली चार धाटे कापून छप्पर करावे आणि मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडीचा तुकडा टाकावा. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हा त्यांनीही खरा बैल, खरे गाढव आणि गवत भरलेली गव्हाण एवढेच घेतले होते. बाजारातल्या प्लास्टिकच्या सेटमधील मेंढपाळ माझ्या मुलीला धनगरासारखे वाटत नाहीत, अशी तिची तक्रार असते.

उत्तर : गृहिणी, परभणी जिल्हा

सर्वांचे आभार. काल रात्री थोरल्या जाऊबाईंना फोन केला. आहेर बंद करण्याचे बोलताच त्या म्हणाल्या, "बाई, मीच तुला विचारणार होते, पण तू घरची यजमानीण, तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होते." हप्त्याचा विषयही संपला. चिवडा आणि शंकरपाळे त्या करून आणणार आहेत, करंज्यांसाठी धाकट्या नणंदेला आज सांगते. मटणाच्या वाट्यासाठी मंडळीतील तीन घरे तयार आहेत. चौथे मिळाले तर बरे, नाहीतर आमचाच वाटा मोठा धरावा लागेल. बेकरीचालक दादांना एक विचारायचे आहे : शेजारची सहा ताटे आणि घरची सोळा माणसे धरली तर नानकटाईला किती मैदा न्यावा?

उत्तर : बेकरीचालक, उदगीर

दोन किलो न्यावा. पिठीसाखर घरी दळून नेली तर ती ताजी आणि स्वस्त पडते, मात्र दळल्यावर चाळावी, कारण कण राहिले तर नानकटाई भट्टीत पसरते. डब्यावर आपले नाव मोठ्या अक्षरात चिकटवावे. त्या आठवड्यात सगळ्यांचे डबे सारखेच दिसतात.