जानेवारीत सिअ‍ॅटल, दोघंच, दोन दिवस: काय ठेवावं, काय गाळावं?

सनीवेलकर:
जानेवारीचा दुसरा वीकेंड. शुक्रवारी संध्याकाळी बे एरियातून निघायचं, रविवारी रात्री परत. मी आणि बायको, दोघंच. सध्याचा आराखडा असा: सॅन फ्रान्सिस्कोहून विमान, सी-टॅक विमानतळाजवळ स्वस्तातलं हॉटेल, भाड्याची गाडी. शनिवारी माउंट रेनियर (बर्फाच्छादित डोंगर, भोवती राष्ट्रीय उद्यान), संध्याकाळी सूर्यास्ताला स्पेस नीडल मनोरा (तिकीट आत्ताच काढून ठेवणार). रविवारी पाइक प्लेस मार्केट आणि जमलं तर स्नोक्वाल्मी धबधबा. बायको शाकाहारी, अंडं चालतं. पाऊस असणारच हे धरून दोन छत्र्या घेतोय. यात काय चुकतंय?

पिरपिर:
बरंच. पण दुरुस्त होण्यासारखं आहे.

आधी पावसाचं भूत उतरवा. सिअ‍ॅटलला वर्षभरात पडतो साधारण १,००० मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलैत जवळपास तेवढा पडतो. इथला पाऊस मुसळधार नाही, पिरपिर. त्यात फिरता येतं. खरी अडचण उजेडाची. त्या आठवड्यात सूर्य उगवतो आठाच्या सुमारास आणि मावळतो पावणेपाचच्या आत. म्हणजे उजेडाचे जेमतेम नऊ तास, तेही करड्या रंगाचे. तेव्हा उघड्यावरचं सगळं दहा ते चार, छपराखालचं त्यानंतर.

रेनियर गाळा. पॅराडाइजपर्यंत, म्हणजे डोंगरावर गाडी जाते त्या ठिकाणापर्यंत, कोरड्या रस्त्यालाही अडीच तास लागतात. १ नोव्हेंबर ते १ मे उद्यानात प्रत्येक गाडीत चेन (बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या) असणं सक्तीचं आहे, फोर-व्हील असली तरी. आणि भाड्याच्या गाडीला चेन लावायला बहुतेक करारांत मनाई असते. वाटेतलं लाँगमायरचं फाटक रात्री बंद होतं, सकाळी बर्फ काढून झाल्याशिवाय उघडत नाही. कधी दिवसभर उघडतच नाही. एवढं करून डोंगर ढगात.

हॉटेल विमानतळाजवळ घेऊ नका. जानेवारीत डाउनटाउनचे दर उतरलेले असतात, वाचलेले पैसे टॅक्सीत जातील. वेस्टलेक या लाइट रेलच्या (शहरी रेल्वेच्या) स्टेशनपासून चालत पाच मिनिटांत बघा, चौथ्या ते सहाव्या अव्हेन्यूच्या पट्ट्यात. त्याखालचे रस्ते समुद्राकडे चांगलेच उतरतात आणि ओले असताना पाय घसरतो. बुकिंगआधी त्या वीकेंडला सीहॉक्सचा (इथला अमेरिकन फुटबॉल संघ) घरचा प्लेऑफ सामना नाही ना, तेवढं बघा. असला तर दर आणि लाइट रेलची गर्दी, दोन्ही चढतात.

गाडीही नको. डाउनटाउन हॉटेलात रात्रीचं पार्किंगच ५० डॉलरच्या घरात जातं. सी-टॅकच्या पार्किंग इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून चालत लाइट रेलचं स्टेशन येतं. वेस्टलेकला सुमारे ४० मिनिटं, भाडं सरसकट ३ डॉलर. स्टेशनवर अडवणारं फाटक नसतं, त्यामुळे नवखी माणसं कार्ड टेकवायला विसरतात. तपासनीस मात्र डब्यात येतात.

ढगाखाली:
पिरपिर यांच्याशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

विमान. सॅन फ्रान्सिस्कोच्या समांतर धावपट्ट्यांमध्ये अंतर आहे फक्त ७५० फूट. ढग खाली आले की दोन विमानं शेजारी-शेजारी उतरवता येत नाहीत, तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या एकदम घटते आणि कमी पल्ल्याच्या विमानांना आधी थांबवून ठेवतात. तुमचं विमान त्यातलंच. हिवाळ्यातल्या शुक्रवार संध्याकाळी असा उशीर नेहमीचा, आणि दोष सिअ‍ॅटलच्या पावसाला दिला जातो! सनीवेलहून सॅन होजे जवळ असताना तिथूनच जा.

स्पेस नीडल. आगाऊ तिकीट काढू नका. बघण्याचा मजला ५२० फुटांवर आहे. ढग टेकले की काचेबाहेर नुसतं दूध दिसतं. निघण्याआधी त्यांचा माथ्यावरचा कॅमेरा ऑनलाइन बघा. त्याहून पक्कं हवं असेल तर बोइंग फील्ड विमानतळाचा मेटार, म्हणजे वैमानिकांसाठीचा हवामान अहवाल, उघडा. त्यात ‘ओव्हीसी०१२’ दिसलं तर १,२०० फुटांवर आकाश पूर्ण झाकलेलं आहे. तेवढ्यात जवळचं शहर दिसतं, डोंगर नाही. आकडा ००८ किंवा खाली असेल तर पैसे खिशात ठेवा. सी-टॅकचा मेटार यासाठी वापरू नका. तो विमानतळ समुद्रसपाटीपासून ४३३ फुटांवर आहे आणि ढगाची उंची तिथल्या जमिनीपासून मोजतात, म्हणून तिथला आकडा खालच्या शहराला लागू पडत नाही.

ढग असतील तर वेस्टलेकहून १९६२ची मोनोरेल पकडून दोन मिनिटांत त्याच आवारात उतरा आणि चिहुली काचबागेत (काचेच्या शिल्पांचं प्रदर्शन) जा. बराचसा भाग आत आहे, आणि बाहेरची काच ओली असताना जास्त खुलते.

सनीवेलकर:
दोघांचेही आभार. रेनियर आणि गाडी रद्द, विमान सॅन होजेहून. मग शनिवार रिकामा झाला. आणि कपडे, खाणं?

आंबोळी:
छत्र्या घरी ठेवा. इलियट उपसागरावरून वारा आला की उलट्या होतात. टोपीवालं, शिवणींवर आतून पट्टी मारलेलं जॅकेट हवं. असलेलं चालेल का, हे घरीच तपासा: खांद्यावर पेलाभर पाणी ओता. थेंब घरंगळले तर ठीक. कापड काळपट होऊन पाणी प्यायलं तर वरचा लेप गेलाय. लेबल बघून धुवा आणि ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं फिरवा. बरेचदा लेप पुन्हा जागा होतो. नाहीच झाला तर फवाऱ्याचा नवा लेप मिळतो. जीन्स नकोच: खालची कड भिजली की पाणी पोटरीपर्यंत चढतं आणि दिवसभर वाळत नाही. लोकरीचे मोजे माणशी तीन जोड. बूट भिजलेच तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला.

शाकाहारासाठी एकच सापळा लक्षात ठेवा: रस्सा. गल्लोगल्ली फोची (व्हिएतनामी नूडल सूप) दुकानं आहेत, पण ‘टोफू फो’ बऱ्याच ठिकाणी हाडांच्याच रश्शात येतो. ‘ब्रॉथ शाकाहारी आहे का’ असं नेमकं विचारा. थाई जेवणात फिश सॉसचंही तेच.

वहिनींसाठी सगळ्यात सोपं म्हणजे इथिओपियन, ईस्ट चेरी स्ट्रीटच्या आसपास. शाकाहारी थाळी दोघांत एक मागवा. मोठ्या ताटभर इंजेरा पसरलेला असतो, आंबवलेला, जाळीदार, आपल्या आंबोळीचा आंबट भाऊ. त्यावर मसूर, कोबी-बटाटा, पालेभाजी आणि शिरो. शिरो म्हणजे जवळजवळ पिठलंच. हाताने, एकाच ताटात. मसालेदार लोणी नको असेल तर त्यांच्याकडचे उपवासाचे (‘फास्टिंग’) पदार्थ मागा. ते तेलात करतात.

पिरपिर:
शनिवार भरून देतो.

नऊला पाइक प्लेस, गर्दीच्या आधी. मुख्य गल्लीत मासे फेकणारे बघून झाले की खालच्या मजल्यांवर उतरा. बहुतेक लोक तिथे जातच नाहीत आणि सगळं छपराखाली आहे. ‘पहिलं’ म्हणवणाऱ्या स्टारबक्सची रांग पावसात उभी असते. कॉफी तीच. सोडा.

मग सेंट्रल लायब्ररी, २००४ची, फुकट. चौथ्या अव्हेन्यूने आत शिरा, सरकत्या जिन्याने चढा, पाचव्या अव्हेन्यूच्या दाराने बाहेर: शहरातला एक चढ कोरड्याने पार. त्याआधी दहाव्या मजल्यावर काचेखाली अर्धा तास बसा.

दुपारी बेनब्रिज बेटाची फेरी, कोलमन डॉकवरून, ३५ मिनिटं. पायी प्रवाशाला तिकीट फक्त जाताना लागतं, येताना नाही. पंधरा मिनिटं आधी पोचा, सुटायच्या क्षणी दार बंद असतं. पलीकडे विन्स्लो, बेटावरचं गाव, दहा मिनिटांच्या चालीवर आहे. परतीची बोट चार-सव्वाचारच्या सुमाराची निवडा आणि शहराकडच्या टोकाला उभे राहा. निघताना उजेड असतो, धक्क्याला लागेपर्यंत एकेक इमारत पेटत जाते. स्पेस नीडलचे पैसे न भरता सूर्यास्त झाला.

रविवारी धबधबा. ३० मैल, उंची २६८ फूट, आणि हिवाळा हाच त्याचा मोसम. त्यासाठी गाडी फक्त सकाळी चार-पाच तास घ्या आणि आय-९० महामार्गावर डोंगरातल्या खिंडीपर्यंत जाऊ नका, धबधबा अलीकडेच आहे. आधी दोन दिवस जोरदार पाऊस झाला असेल तर तुषार वरच्या कठड्यापर्यंत येतात. फोन पुसायला कोरडं फडकं जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्या खिशातलं तोवर ओलं झालेलं असेल.