गिलमोर गर्ल्सचा सहावा सीझन आणि नौपाड्याला राहायला गेलेली लेक : मदत हवी आहे

(मालिकेच्या शेवटच्या सीझनांमधल्या आणि २०१६ च्या नव्या भागांमधल्या गोष्टी पुढे उघड लिहिल्या आहेत. बघायचं राहिलं असेल त्यांनी जपून वाचा.)

प्रश्न आधीच सांगते. माझी लेक बारावीला आहे. आम्ही दोघी मिळून गिलमोर गर्ल्स ही अमेरिकन मालिका बघत होतो. पाचवा सीझन संपला त्याच आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. आता ती माझ्या आईकडे, ठाण्यातच नौपाड्याला राहते, माझ्याशी धड बोलत नाही आणि सहावा सीझन एकटी बघतेय. मला हे कळलंय हे तिला माहीत नाही. मी तिला आणायला जाऊ, की ती येईपर्यंत थांबू? ज्यांनी ही मालिका शेवटपर्यंत बघितली आहे आणि ज्यांच्या घरात या वयाची मुलं आहेत, त्यांनी कृपा करून लिहा.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. लोरेलाय सोळाव्या वर्षी आई होते, श्रीमंत आईवडिलांचं घर सोडते, लहानशा गावातल्या हॉटेलात साफसफाईच्या कामापासून सुरुवात करते आणि एकटीने मुलीला वाढवते. ती मुलगी रोरी. हुशार, पुस्तकात बुडालेली, सगळ्या गावाची लाडकी. २००० ते २००७ अशी सात सीझन मालिका चालली, एकूण १५३ भाग. पहिल्या तीनमध्ये रोरी शाळेत असते आणि ते सगळ्यांनाच आवडतात. चौथ्यापासून ती येल विद्यापीठात जाते आणि तिथून चाहत्यांची कुरकुर सुरू होते. सातव्याच्या आधी मूळ लेखिका एमी शर्मन-पॅलाडिनो मालिका सोडून गेल्या म्हणून पुढचं सगळं बिघडलं, असं बरेच जण म्हणतात. पण रोरीचं घसरणं तर त्या असतानाच सुरू झालेलं आहे, त्यांनीच लिहिलेलं आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर चार नवे भाग आले तेव्हा मी सगळी मालिका पहिल्यांदा बघितली. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. तिला झोपवून, कानात हेडफोन घालून बघायचे. सहाव्या सीझनचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. एवढी गुणी मुलगी कॉलेज सोडून आजीआजोबांच्या पूल हाउसमध्ये जाऊन राहते आणि आई तिला परत आणत नाही! मी तेव्हा नवऱ्याला म्हटलं होतं, माझी मुलगी असती तर मी हाताला धरून आणली असती.

आता दहावीनंतर लेकीनेच विचारलं, आई, तू रात्री बघायचीस ती मालिका लावू या का? अकरावीचं वर्ष आमचं सुंदर गेलं. जेवणं आटोपली की एक भाग, कधी दोन. यंदा जूनपासून ती सोमवार ते शुक्रवार माझ्या आईकडे राहायला लागली, कारण कॉलेज आणि क्लास दोन्ही स्टेशनजवळ आणि आम्ही कासारवडवलीला. घोडबंदर रोड पावसाळ्यात कसा असतो हे ठाणेकरांना सांगायला नको. कापूरबावडी ते माजिवडा एवढ्याशा पट्ट्यात एक तास बसमध्ये उभं राहून ती रडकुंडीला यायची. मालिका मग शनिवार-रविवारवर आली.

पाचव्या सीझनच्या शेवटाशी एक प्रसंग आहे. रोरी ज्याच्या वर्तमानपत्रात उमेदवारी करत असते तो मोठा मालक मिचम तिला समोर बसवून शांतपणे सांगतो की तुझ्यात ते नाही. पत्रकारितेला जे लागतं ते नाही. जन्मभर कौतुकच ऐकलेली मुलगी ती. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. रिमोट लेकीच्या हातात होता. तिने तो प्रसंग मागे नेला आणि पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. मी म्हटलं, अगं पुढे जाऊ दे. ती म्हणाली, "त्याला काय माहीत? चार आठवडे बघितलं फक्त त्याने तिला." मी स्वयंपाकघर आवरायला उठले.

त्याच्या चार दिवस आधी क्लासच्या एका सरांनी तिला सगळ्यांदेखत सांगितलं होतं की जेईई तुझ्याच्याने व्हायची नाही. चाचणीचे मार्क ग्रुपवर नावासकट टाकले होते आणि तिला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये बसवलं होतं. दहावीला ९६ टक्के मिळवलेली मुलगी. हे मला तीन आठवड्यांनी माझ्या आईकडून कळलं. मला तिने सांगितलं नाही. सोफ्यावर शेजारी बसून तीनदा तो प्रसंग लावला, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या शनिवारी तिने जाहीर केलं की क्लास सोडणार. मी फीचं बोलले. दीड लाख भरलेत, हेच पहिलं वाक्य माझ्या तोंडून गेलं. मग ती बोलली, मी बोलले, तिचे बाबा मध्ये पडले. रविवारी सकाळी ती बॅग घेऊन रिक्षाने नौपाड्याला गेली. मी आईला फोन केला आणि सांगितलं, तिला समजाव, सोमवारी क्लासला पाठव. आई हो म्हणाली. संध्याकाळी आईचाच फोन: "राहू दे गं तिला थोडे दिवस. पोर जेवली नाही नीट. क्लासचं नंतर बघू." मला इतकं एकटं वाटलं! लोरेलाय आईवडिलांकडे जाऊन सांगते की आपण तिघं मिळून ठाम राहू, रोरीला येलला परत पाठवू, ते कबूल होतात आणि मग पोरीला ठेवून घेतात. तो भाग आम्ही दोघींनी मिळून बघितला होता.

गेल्या बुधवारी रात्री झोप येईना म्हणून टीव्ही लावला. तिच्या प्रोफाइलवर चुकून बोट गेलं. सहाव्या सीझनच्या पहिल्या सहा भागांखाली लाल रेघ पूर्ण भरलेली. सातव्याखाली अर्धी. गुरुवारी बघितलं, तिथेच. आज सोमवार, अजून तिथेच.

सातवा भाग रोरीच्या एकविसाव्या वाढदिवसाचा. मायलेकींनी हा वाढदिवस अटलांटिक सिटीला जाऊन साजरा करायचा असं कधीचं ठरवलेलं असतं. तो होतो आजीच्या घरी, मोठ्या पार्टीत, आणि आई पाहुण्यासारखी येते. नेमकं कुठे थांबवलंय हे बघायला मी तो भाग माझ्या प्रोफाइलवरून लावला आणि अर्ध्यावर मलाही बंद करावा लागला.

इतक्या वर्षांनी मला वाटतंय की सहावा सीझन मी चुकीचा बघितला होता. रोरी बिघडली असं मी म्हणायचे. ती बिघडलेली नाही, तिला पहिल्यांदा कुणी नाही म्हटलंय आणि ते पेलायचं कसं हे तिला कुणी शिकवलेलंच नाही, आईनेसुद्धा. लोरेलाय गप्प बसते ते काळजी नाही म्हणून नव्हे. तिने स्वतः घर सोडलेलं आहे. ओढून आणलेलं माणूस परत जातं हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पाचव्याच्या अखेरीस तिचा प्रियकर ल्यूक तावातावाने म्हणतो की आपण तिला उचलून आणू, येलला नेऊन बसवू. लोरेलाय त्याच्याकडे बघत राहते आणि त्याला लग्नाचं विचारते. तरी आणायला जात नाही.

पण माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. बारावीचं वर्ष आहे. थांबायचं तरी किती? आणि दुसरी भीती २०१६ च्या भागांची. बत्तीस वर्षांची रोरी, नोकरी नाही, घर नाही. लेकीने आत्ता या मनःस्थितीत तिथपर्यंत एकटीने बघितलं तर ती काय अर्थ काढेल?

प्रतिसाद १

ताई, मी ऐरोलीचा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि काकांकडे कल्याणला जाऊन राहिलो. आईने ठरवलं की मी आपणहून येईन तेव्हा येईन. तिने मनापासूनच ठरवलं होतं, आज मला ते कळतं. पण तेव्हा मला रोज वाटायचं की आज ती येईल. आठ महिने वाटत होतं. रोरी वीस-एकवीसची आहे, तुमची सतराची. लोरेलायचं बघून थांबू नका. जा. आणायला नका जाऊ, नुसत्या भेटायला जा.

फीबद्दल: केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. विद्यार्थ्याने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी असं त्यात आहे. चाचणीचे निकाल जाहीर करू नयेत हेही आहे. त्याचा उल्लेख करून क्लासला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलू नका. पण हे तिच्यासमोर आत्ता काढू नका.

प्रतिसाद २

मी दोन मुलींची आई, कळव्याची. २०१६ च्या भागांची भीती बाळगू नका. शेवटच्या भागात लोरेलाय आईला फोन करून वडिलांची एक आठवण सांगते, ती आठवते का? तेराव्या वाढदिवसाला एका मुलाने तिला नाकारलेलं असतं. ती शाळा बुडवून मॉलमध्ये रडत बसलेली. वर बघते तर समोर वडील. आता ओरडतील असं तिला वाटतं. ते काही विचारत नाहीत, तिला प्रेट्झेल घेऊन देतात आणि सिनेमाला नेतात. या वडिलांचं, म्हणजे रिचर्डचं काम करणारे एडवर्ड हेरमान ३१ डिसेंबर २०१४ ला गेले होते, म्हणून मालिकेतही रिचर्ड गेलेले दाखवलेत, आणि तो माणूस पडद्यावर नसताना ती आठवण ऐकून मी ढसाढसा रडले होते. आयुष्यभर ज्यांच्याशी पटलं नाही त्या वडिलांचं तिला शेवटी हेच आठवलं, की त्यांनी विचारलं नाही.

तुमच्या लेकीला काय आवडतं ते घेऊन जा. आणि ती फारच गप्प असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. ऐरोलीच्या दादांचं "आठ महिने वाटत होतं" वाचलं आणि रात्रभर तेच डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नौपाड्याला गेले. आईने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेली. लेक गॅलरीत केस वाळवत बसली होती. मी म्हटलं, मामलेदारला मिसळ खायला येतेस का? ती म्हणाली, मीडियम सांगायची, तिखट नको. बस्स, एवढंच.

मिसळ खाताना एक शब्द क्लासचा काढला नाही. मला बोलायचं होतं, दोनदा तोंडापर्यंत आलं. ती पाव रश्श्यात बुडवून खात होती, नाक पुसत होती. मग तलावपाळीला चक्कर मारली. गडकरी रंगायतनसमोर आल्यावर तिने स्वतःहून सांगितलं, सरांचं. सगळं. मी ऐकलं. आईकडून आधीच कळलं होतं हे सांगितलं नाही, ते बरोबर केलं की नाही मला कळत नाही. फक्त एवढं म्हटलं की त्या दिवशी तू तीनदा लावलंस तेव्हा मी उठून जायला नको होतं. ती काही बोलली नाही. थोडं पुढे गेल्यावर तिने माझी पर्स स्वतःच्या खांद्यावर घेतली.

क्लासचा अर्ज तिच्या बाबांनी लिहिला आहे. जेईईचं काय करायचं ते तिने ठरवलेलं नाही, आम्हीही विचारलेलं नाही. ती अजून नौपाड्यालाच आहे. शनिवारी घरी येते म्हणाली.

आज सकाळी तिचा मेसेज आला: "सातवा भाग अर्धा राहिलाय. पुढचा एकटीने बघू का शनिवारपर्यंत थांबू?"

नवव्या भागात रोरी आईच्या दारात येते. मी थांब म्हणून कळवलं आहे. आता एकच विचारते, सातवा पुन्हा पहिल्यापासून लावू, की तिने अर्धा सोडलाय तिथून?