मदत हवी आहे: फोटोत मावा किडीचा एकच पाय शार्प येतोय (तातडीचं)

कपाशी_चोपडा: मंडळी, दोन दिवस झाले, डोकं फिरलंय. कपाशीच्या पानामागच्या माव्याचे फोटो काढतोय. एक पाय शार्प, बाकी सगळा धूर. ॲपर्चर १६ केलं, म्हणजे लेन्सचं भोक बारीक, तरी तेच. शनिवारी प्रोजेक्ट द्यायचाय. काय चुकतंय?

तापीकाठ: कॅमेरा कोणता, लेन्स कोणती? ट्रायपॉड आहे का? एखादा फोटो टाक ना भाऊ.

जुना_रीळवाला: सरळ १०० एमएमची मॅक्रो लेन्स घे, बारीक वस्तू जवळून मोठी टिपणारी. आम्ही रीळ असताना सहा महिने पैसे साठवून घेतली होती. जुगाडाने मॅक्रो होत नाही.

कपाशी_चोपडा: काका, शनिवार म्हणतोय मी, दिवाळी नाही. कॅमेरा कॅननचा ७००डी. लेन्स साधीच, ५० एमएम.

सातपुडा_पाखरू: स्टॅकिंग कर. फोकस थोडा थोडा सरकवत वीस फोटो काढ आणि सॉफ्टवेअरमध्ये जोड. माव्याच्या मिशीपासून शेपटीपर्यंत सगळं येतं.

तापीकाठ: शेतात? वाऱ्यावर? पान एक मिलिमीटर हललं की वीसच्या वीस वाया. आणि मावा काय पोझ देऊन बसतो का?

सातपुडा_पाखरू: पहाटे सहाला जा, वारा नसतो. मी पाल गावच्या जंगलात असेच काढतो.

तापीकाठ: तुमचे किडे झोपलेले असतील. @कपाशी, साध्या ५० एमएमने मावा एवढा मोठा येतच नाही. मधे काहीतरी लावलंयस. काय ते सांग.

निंबोळीवाले: मावा असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पिवळे चिकट सापळेही लावा. आमच्याकडे यावल भागात चांगला अनुभव आहे.

कपाशी_चोपडा: काका, मला मावा मारायचा नाही, त्याचा फोटो काढायचाय! @तापीकाठ, हो, मधे एक्स्टेन्शन ट्यूब आहे, लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे नेणारी पोकळ कडी, ७, १४, २८ एमएमची अशी तीन. जळगावहून स्वस्तात आणली. सगळे लावतात म्हणून वेगळं लिहिलं नाही.

तापीकाठ: हेच तर हवं होतं! ट्यूबच्या आत सोनेरी टिकल्या, म्हणजे विजेचे कॉन्टॅक्ट, दिसतात का? ट्यूब लावल्यावर स्क्रीनवर ॲपर्चर किती दिसतं?

कपाशी_चोपडा: टिकल्या नाहीत, नुसतं काळं कडं. स्क्रीनवर ०० दाखवतंय. १६ मी ट्यूब लावायच्या आधी केलं होतं. आणि फोकस रिंग फिरवली तरी काहीच होत नाही.

तापीकाठ: मग तुझं १६ कधी लागलंच नाही. कॅननच्या या लेन्सच्या पात्या, म्हणजे ॲपर्चरचं भोक लहानमोठं करणाऱ्या, कॅमेऱ्याच्या विजेवर चालतात. कॉन्टॅक्ट तुटला की लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे १.८ वर. लेन्स एसटीएम प्रकारची असणार, तिचा फोकसही विजेवरच, म्हणून रिंग मेलेली. तिन्ही कडी लावल्यावर किडा जवळपास एकास एक, म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा येतो. त्या पटीला १.८ वर शार्प भागाची खोली जेमतेम ०.१४ मिलिमीटर. एकच पाय येणार नाही तर काय!

आता असं कर. लेन्स थेट कॅमेऱ्याला लाव, एव्ही मोडवर (ॲपर्चर आपण ठरवतो तो) ११ ठेव. कॅमेऱ्यावर लेन्सच्या बुडाशी डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (पात्या आधीच मिटवून दाखवणारं) बारीक बटण आहे, ते दाबून धर आणि धरूनच लेन्स फिरवून काढ. पात्या ११ वर अडकून राहतात. समोरून आत बघ, भोक बारीक दिसलं पाहिजे. मग ट्यूब लाव. फोकससाठी कॅमेराच पुढेमागे सरकव.

जुना_रीळवाला: चालू कॅमेऱ्यातून लेन्स उपसायची? आणि शेतातल्या धुळीत? सेन्सरची वाट लागेल.

तापीकाठ: काका, खोलीत बसून करायचं, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. पात्या पुन्हा उघडायच्या तर लेन्स थेट लावून कॅमेरा चालू करायचा. पाच वर्षं करतोय.

सातपुडा_पाखरू: ११ कशाला, २२ कर की.

तापीकाठ: एकास एकला २२ म्हणजे प्रत्यक्षात ४४ पडतं. डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ होतं. ११ वर पाऊण मिलिमीटरच्या वर खोली मिळते, माव्याला पुरे. जास्त हवी तर नुसतं २८ चं कडं ठेव. किडा साधारण अर्ध्या पटीवर येईल, खोली अडीच-तीनपट. पान क्लिपने ताणून सेन्सरला समांतर धर, निम्मं काम तिथेच होतं. व्ह्यूफाइंडर काळा होईल, म्हणून लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघायचं) आणि टॉर्च. फ्लॅशवर दुधाची पांढरी पिशवी बांध.

भरीत_प्रेमी: यावलचा विषय निघालाय तर, बामणोदची वांगी आली का बाजारात?

जुना_रीळवाला: आली. काड्यांवर भाजा, गॅसवर नको. आणि कांद्याची पात विसरू नका.

कपाशी_चोपडा: झालं भो! पहिल्या खेपेला बटण आधीच सुटलं, दुसऱ्यांदा भोक बारीक दिसलं. हा बघा फोटो. सहाही पाय, मागच्या दोन नळ्यासुद्धा आल्या. फक्त डाव्या कोपऱ्यात एक काळं-नारिंगी काटेरी काहीतरी घुसलंय, ते क्रॉप करतो.

निंबोळीवाले: थांबा, क्रॉप करू नका! ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी आहे, मावा खाते. फवारणी आता अजिबात नको.

कपाशी_चोपडा: काका, शेत मामाचं आहे. तो काल संध्याकाळीच फवारणीचा पंप धुऊन ठेवत होता. लगेच फोन लावतो.