जर्मन मुलखातील शेत : एका वारसाकडे की सर्व भावंडांत?

शिवार
जर्मनभाषक प्रदेशांत शेताच्या वारशाच्या दोन जुन्या रीती आहेत. उत्तर जर्मनीतील लोअर सॅक्सनी किंवा वेस्टफेलियात शेत अखंड एकाच वारसाकडे जाते; नैऋत्य जर्मनीतील वुर्टेमबर्गच्या पुष्कळ गावांत आणि आल्प्समधल्या पश्चिम टिरोलमध्ये मात्र ते सर्व मुलांत वाटले जाई. माझ्या मते अखंड वारशानेच शेतकरी तगला. पश्चिम टिरोलच्या फिन्शगाऊ खोऱ्यात वाटण्या होता होता जमिनीचे इतके तुकडे पडले की घरातल्या सगळ्यांची पोटे भरेनात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथली लहान मुले दर मार्चमध्ये बर्फाच्या खिंडी पायी ओलांडून दक्षिण जर्मनीच्या अपर स्वाबिया भागातील राव्हेन्सबुर्गच्या बाजारात उभी राहत. शेतकरी त्यांना पारखून गुरे राखायला नेत. नोव्हेंबरात परतताना त्यांच्या हाती थोडे पैसे आणि कपड्यांचे दोन जोड असत. त्यांना कामावर ठेवणारी अपर स्वाबियातील मोठी शेते टिकली होती, ती वाटण्या न झाल्यामुळेच.

ओलावा
मुलांची हकिगत खरी आहे, पण त्या अखंड शेतांवर आणखी कोण राबत होते, हे आपण सांगितले नाही. शेत एकाला मिळाल्यावर बाकीची भावंडे बहुधा त्याच्याच घरी गडी आणि मोलकरीण होत. टिरोलमध्ये तर मालमत्ता नसणाऱ्याला लग्नासाठीही गावाची संमती लागे, आणि ही अट १९२१ पर्यंत टिकली. वुर्टेमबर्गमधून अनेकांना अमेरिकेची वाट धरावी लागली, हे मला मान्य आहे. परंतु जे राहिले त्यांच्यापाशी स्वतःचा तुकडा होता, आणि पुढे कारखान्यातली पाळी संपवून ते आपल्याच द्राक्षमळ्यात कामाला जात. शिवाय एका वारसाची रीत नाझींनी १९३३ मध्ये कायद्याने सक्तीची केली, तेव्हा मुली आणखी मागे ढकलल्या गेल्या.

शिवार
ती सक्ती निषेधार्हच होती, पण रीत तिच्या कितीतरी आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या जर्मन विभागातील १९४७ च्या शेतवारशाच्या कायद्यात मुलग्यांना दिलेले प्राधान्यही घटना न्यायालयाने १९६३ मध्ये रद्द केले. शेत न मिळालेल्या भावंडांची भरपाई बाजारभावाने ठरवली, तर ती फेडण्यासाठी वारसाला जमीनच विकावी लागेल. वारसा मिळाल्यापासून वीस वर्षांच्या आत त्याने शेत विकले, तर त्या पैशात भावंडांनाही वाटा मिळतो.

ओलावा
आणि एकविसाव्या वर्षी विकले तर? तोवर अल्प भरपाईवर समाधान मानलेल्या बहिणीच्या हाती काय उरते, याचे उत्तर आपण द्यावे.