‘ओव्हरपेड फ्री एजंट’ला मराठीत काय म्हणाल?

टोरांटोवासी
मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा आइस हॉकीवर लेख देतोय. (हॉकी म्हटल्यावर ध्यानचंद आठवणाऱ्यांनी जरा बर्फावर यावं.) लेख झाला, पण एका वाक्यापाशी गाडी अडली: ‘सॅलरी कॅप असताना स्टार फ्री एजंटला ओव्हरपे करावं का?’ (फ्री एजंट म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जाऊ शकणारा खेळाडू, सॅलरी कॅप म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा.) भाषांतराच्या ॲपने ‘मुक्त हस्तक’ सुचवलं. साताऱ्याला फोनवर वाचून दाखवलं, तर बाबा म्हणाले, “हेरांवर लिहितोयस होय?” मग ‘मोकळा खेळाडू’ केलं. त्यावर बायको म्हणते, मोकळा म्हणजे काम नसलेला.

संदर्भ हॉकीपटू जॉन टावारेसचा. न्यू यॉर्क आयलंडर्स संघाबरोबरचा करार संपला आणि १ जुलै २०१८ ला तो आमच्या टोरांटो मेपल लीफ्सकडे आला. ७ वर्षं, ७ कोटी ७० लाख डॉलर. म्हणजे वर्षाला १ कोटी १० लाख, आणि त्या मोसमात अख्ख्या संघाच्या पगाराची मर्यादा होती ७ कोटी ९५ लाख.

शुद्धमती
मुक्त खेळाडू, वेतनमर्यादा, अतिवेतन. तिन्ही शब्द हाताशी आहेत. वेतन जड वाटत असेल तर अस्सल मराठी ‘पगारमर्यादा’ म्हणा, पण ‘सॅलरी कॅप’ची टोपी आपल्या डोक्यावर नको.

गल्लीबोळ
अतिवेतन वाचून अतिसार आठवला.

मांडवीकाठ
‘अस्सल मराठी’ पगार पोर्तुगीज ‘पागार’वरून आलाय हो ताई. पागार म्हणजे पैसे देणे. आणि आयपीएलमध्ये ज्याचा गाजावाजा होतो तो लिलावही त्याच गलबतातून उतरला. आमच्या गोव्यात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

शुद्धमती
चारशे वर्षं घरात राहिलेला पाहुणा आणि काल दारात आलेला, यात फरक असतो.

कोषागारनिवृत्त
ओव्हरपेमेंटला शासकीय मराठीत ‘अतिप्रदान’ हा रूढ शब्द आहे. पण जपून वापरा. अतिप्रदान चुकून होतं आणि त्याची वसुली होते. माझ्या निवृत्तिवेतनातून एका कार्यालयाने (कुठलं ते सांगत नाही) सात हप्त्यांत असं अतिप्रदान कापून घेतलं होतं, चूक त्यांचीच असून. तुमच्या टावारेसकडून वसुली झाली का?

टोरांटोवासी
कसली वसुली काका, एनएचएलमध्ये (इथली व्यावसायिक आइस हॉकी लीग) करार झाला की झाला. म्हणून तर तो शब्द बसत नाही. हे लोक चुकून नाही, समजून-उमजून जास्त मोजतात.

खानदेशी कळणा
तुम्ही सगळे शहरातले. आमच्याकडे सालदार असतो, वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी. आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी त्याचं साल. आखाजीला साल संपलं की तो कुणाचा नाही. गावातला दुसरा मोठा शेतकरी दोन पोती ज्वारी जास्त कबूल करून त्याला फोडतो. फ्री एजंट म्हणजे साल सुटलेला गडी. तुमची ती १ जुलै म्हणजे त्यांची आखाजी.

उसाचं कांडं
वा! आणि ‘गडी’ दोन्हीकडे चालतो की. शेतावरचा गडी आणि कबड्डीतला गडी. ‘सुटा गडी’ लिहा, विषय संपला.

शुद्धमती
वर्षाला १ कोटी १० लाख डॉलर घेणारा सालगडी? वाचक हसतील.

उसाचं कांडं
हसू देत. बाकी अंकात हसण्यासारखं काय असतं?
अजून एक: साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दल मिळणारी रक्कम) म्हणजे उचल. आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून आधी उचल घेतात आणि मग कोयता हातात धरतात.

टोरांटोवासी
टावारेसच्या पहिल्या वर्षाच्या दीड कोटीहून जास्त रकमेत प्रत्यक्ष पगार फक्त साडेसहा लाख होता, बाकी सगळा साइनिंग बोनस. पण उचल फिटवावी लागते ना? हा बोनस खिशात पडला की पडला. संघाने मधेच करार मोडून खेळाडूला काढलं, तरी बोनसला कात्री लागत नाही.

कोषागारनिवृत्त
मग उचल नव्हे. उचल हे कर्ज. तोडकऱ्याच्या गळ्यातला फास तुम्ही कोट्यधीशाला हार म्हणून घालताय.

उसाचं कांडं
हे मान्य. मागे घेतो.

गल्लीबोळ
मधेच काढण्याला काय शब्द?

टोरांटोवासी
बायआउट. उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यायचे (२६ च्या आतल्यांना एक तृतीयांश) आणि ते उरलेल्या मुदतीच्या दुप्पट वर्षांत पसरायचे. बफेलोने २०२४ मध्ये जेफ स्किनरला ३ वर्षं शिल्लक असताना असं काढलं. तो ६ वर्षं त्यांच्या मर्यादेत मोजला जाणार, खेळायला मात्र गेला दुसरीकडे.

मांडवीकाठ
सोडचिठ्ठी दिली, पोटगी चालू.

गल्लीबोळ
याहून चांगला शब्द या धाग्यावर येणार नाही. कुलूप लावा.

शुद्धमती
मूळ प्रश्न ओव्हरपेचा होता. ‘अव्वाच्या सव्वा मोजणे’ आहे की.

कोषागारनिवृत्त
‘अवाच्या सवा’. एकच व.

शुद्धमती
सव्वा म्हणजे एक पूर्णांक एक चतुर्थांश. तिथे जोडाक्षरच हवं. आजोबा सांगायचे, अव्वल मालाला सव्वापट भाव, त्यावरून आलं.

कोषागारनिवृत्त
आजोबांबद्दल आदर आहे, पण ही व्युत्पत्ती पानसुपारीच्या गप्पांतली. सव्वापट म्हणजे फक्त पंचवीस टक्के जास्त. तेवढ्यावर कोण बोंब मारतो?

मांडवीकाठ
कॅप असलेल्या खेळात पंचवीस टक्केसुद्धा पुष्कळ होतात, मुद्दा तोच आहे. इथे ‘जास्त पैसे दिले’ म्हणून भागत नाही. पैसे मालकाचे, त्याला काही फरक पडत नाही. पण पातेलं एकच आहे. एकाच्या पानात श्रीखंडाचे चार डाव वाढले की शेवटच्या पंगतीला चक्का खरवडावा लागतो. ओव्हरपे हा उधळपट्टीचा नाही, वाढपाचा दोष आहे.

टोरांटोवासी
अगदी हेच झालं. टावारेसनंतर लीफ्सचेच मॅथ्यूज आणि मार्नर, दोघेही दरसाल १ कोटीच्या वर गेले, नायलँडर ७० लाखांच्या आसपास. कॅप वाढत राहील असं धरलं होतं, पण कोविड आला आणि ती ८ कोटी १५ लाखांवर तीन मोसम गोठली. चौघांत जवळपास निम्मं पातेलं. उरलेल्या निम्म्यात बचाव, गोलरक्षक, सगळं. स्टॅन्ली चषक (लीगचं विजेतेपद) १९६७ नंतर आलेला नाही, हे वेगळं सांगायला नको.

उसाचं कांडं
नाकापेक्षा मोती जड!

शुद्धमती
चुकीचा वापर. धन्यापेक्षा चाकर शिरजोर झाला की ही म्हण वापरतात. किमतीचा संबंध नाही.

उसाचं कांडं
आमच्या आईने पोराच्या सायकलपेक्षा कुलूप महाग आणलं तेव्हा हीच म्हण वापरली. आई चुकली?

शुद्धमती
आईंना काही म्हणत नाही. म्हणीला म्हणतेय.

खानदेशी कळणा
कॅपचंही सांगून टाकतो. गावात ‘सिलिंग’ म्हणतात. १९६१ च्या कायद्याने शेतजमिनीवर कमाल मर्यादा आली, तेव्हापासून ‘सिलिंगमधली जमीन’ हा शब्द म्हाताऱ्यांच्याही तोंडी आहे. सिलिंग आलं तशा वाटण्याही झाल्या, भाऊ, भाचे, कुणाच्याही नावावर. तुमच्या हॉकीवाल्यांनी असं काही केलं नाही का?

टोरांटोवासी
केलं की! तेव्हा दुखापतीच्या यादीतल्या खेळाडूच्या पगाराइतकी मर्यादा ओलांडता यायची. टॅम्पाचा कुचेरोव्ह २०२०-२१ चा अख्खा नियमित मोसम त्या यादीत होता. प्लेऑफला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांना) कॅप लागू नसायची, तिथे तो बर्फावर उतरला आणि टॅम्पाने चषक उचलला. त्यांचा संघ मर्यादेच्या जवळपास १ कोटी ८० लाख वर होता. २०२५-२६ पासून प्लेऑफलाही कॅप लावलीय.

खानदेशी कळणा
भाच्याच्या नावावरची जमीन. ‘सिलिंग’च लिहा.

मांडवीकाठ
एक शंका. बोब्रोव्स्कीला फ्लोरिडाने २०१९ मध्ये ७ वर्षांसाठी ७ कोटी दिले तेव्हा गोलरक्षकाला एवढे कशाला म्हणून लोक हसले होते. २०२४ आणि २०२५, दोन चषक. मग त्याला ओव्हरपेड म्हणायचं का? मराठीत ‘जास्त मोजले’ हे सही करतानाच म्हणता येतं. ‘महागात पडला’ म्हणायला शेवट बघावा लागतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून त्यांचं भांडण मिटत नाही.

कोषागारनिवृत्त
हा मुद्दा आवडला. टावारेस मग कशात बसतो?

टोरांटोवासी
जास्त मोजले नव्हते. महागात पडला. (बायको लीफ्सची नाही, ती म्हणते दोन्ही.) अंक परवा छपाईला जातोय. संपादकांनी ‘फ्री एजंट’ तसंच ठेवलं आणि ‘सॅलरी कॅप’चं ‘पगाराची कॅप’ केलं.

शुद्धमती
अर्धं पोर्तुगीज, अर्धं इंग्रजी. छान.

गल्लीबोळ
‘ची’ मराठी आहे.

वऱ्हाडी ठेचा
उशिरा आलो. वर कुणीतरी आखाजी लिहिलंय, ते बरोबर नाही. सालगड्याचं साल पाडव्यालाच फिरतं.

खानदेशी कळणा
तुमच्याकडे फिरत असेल. आमच्याकडे आखाजीच.